रंग एका डबीतला, तिखट दुसऱ्या डबीतलं

प्रिय मावशी,

आम्ही जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला एका छोट्या गावात राहतो. भारतीय किराणा मिळतो तो श्टुटगार्टला, गाडीने सव्वा तास. सासूबाई कोल्हापूरच्या. दर वर्षी घरचं तिखट डबा भरून देतात. गेल्या महिन्यात लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला पनीर मखनी केली. कृतीत 'काश्मिरी लाल तिखट दोन चमचे' असं होतं. ते नव्हतं, म्हणून सासूबाईंचं तिखट तेवढंच घातलं. रंग आला विटकरी, लसणाचा वास भपकन, वर खारटही झाली, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांना धारा. दुसऱ्या खेपेला सुपरमार्केटमधून स्मोक्ड पॅप्रिका आणून आमटीच्या फोडणीत घातली, तर काहीतरी जळतंय म्हणून नवरा खिडक्या उघडत फिरला. तो म्हणतो, खायचा लाल रंग आण आणि मोकळी हो. सासूबाई म्हणतात, "तिखटाला कसला आलाय पर्याय?" पुढच्या महिन्यात त्या इकडे येताहेत. त्यांना लालबुंद तर्रीची मिसळ खाऊ घालायची आहे, आणि ती लेकीलाही खाता आली पाहिजे. काय करू?

— रंगाच्या शोधात

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा 'लसणाचा वास' आणि 'खारट' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढली. तुझ्या डब्यात आहे ते लाल तिखट नाहीच. तो कांदा-लसूण मसाला आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे त्यालाच घरात कुणी 'तिखट' म्हणतं, कुणी 'चटणी'. मिरचीच्या जोडीला त्यात तळलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला असतो आणि टिकावा म्हणून खडेमीठही. तुझं माहेर कुठलं ते तू लिहिलं नाहीस, पण कोल्हापूरचं नक्की नाही! लाजू नकोस. माझं माहेर दादरचं, सासर कराडचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "जरा चटणी आण गं," आणि मी नारळ फोडायला घेतला होता.

तेव्हा पनीर मखनी बिघडली त्यात तुझ्या हाताचा दोष नाही. दोन चमचे सौम्य मिरचीच्या जागी तू दोन चमचे तांबड्या रश्शाचा मसाला घातलास. तो डबा मटणाला, उसळीला, पिठल्याला ठेव. मखनीच्या वाटेला त्याला जाऊ देऊ नकोस.

आता मूळ प्रश्न. आपण त्या पुडीला नावच 'तिखट' दिलंय, त्यामुळे तिचं काम तिखट करणं एवढंच, असं डोक्यात बसतं. काश्मिरी मिरचीची गंमत अशी की ती बहुतेक पदार्थांत तिखटासाठी घालतच नाहीत. ती रंगासाठी असते, थोडीशी वासासाठी, आणि भिजवून वाटली तर दाटपणासाठी. मिरचीचा रंग आणि मिरचीचा जाळ यांचं घरही वेगळं. रंग सालीत असतो. जाळ असतो तो आतल्या पांढरट शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. बिया तिखट असतात असं आपण म्हणतो, पण त्यांना तो जाळ शिरेचाच लागलेला असतो. म्हणून साल जाड, शिरा कमी तिखट आणि रंग गडद अशी जात निवडली की पुडी लाल होते आणि जिभेला फार छळत नाही.

आपल्याकडे या कामाला काश्मीरपर्यंत जायची गरज कधीच नव्हती. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात ब्याडगी नावाचं गाव आहे. तिथल्या बाजारावरून जिचं नाव पडलं ती आपली बेडगी: लांबट, सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला मवाळ. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्यातली बुटकी, गोलसर 'डब्बी' म्हणजे रंगाची खाणच. आणि खरं सांगू? पाकिटावर 'काश्मिरी' छापलेली सगळी मिरची काश्मीरमध्ये पिकलेली नसते. दक्षिणेत पिकलेल्या, बेडगीच्या जवळपासच्या मिरच्याही त्या नावाने विकल्या जातात. त्यामुळे कुठल्याही कृतीत 'काश्मिरी' वाचलंस आणि हाताशी बेडगीची पूड असेल, तर डोळे मिटून तेवढीच घाल. महाराष्ट्रातून जे हे सदर वाचताहेत त्यांचा प्रश्न इथेच मिटला. उत्तरेकडची 'देगी मिरच' मिळाली तरी चालेल, ती त्याच कुळातली.

तुझ्या गावात मात्र बेडगीही नाही. तेव्हा दुकानात जे आहे त्याकडे वळू.

जर्मनीत पॅप्रिका पूड दोन मुख्य नावांनी मिळते. 'एडेलझ्यूस' म्हणजे गोडसर, सौम्य, आणि 'रोझेनशार्फ' म्हणजे तिखट. तुला हवी ती एडेलझ्यूस. तू आणलेली स्मोक्ड ही स्पेनकडची पद्धत. तिथे ला व्हेरा भागात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. वास छानच असतो, पण आपल्या आमटीत तो गेला की चिंचगुळाच्या आधी धूर पुढे येतो. ती डबी टाकू नकोस. पनीर टिक्क्याला, वांग्याच्या भरताला चिमूटभर वापर, तिथे धुराचं स्वागत होतं.

एडेलझ्यूसचं कूळ हंगेरीतलं आणि तिची कथा तुझ्या प्रश्नाशी अगदी जुळणारी आहे. मुळात हंगेरीची मिरचीही तिखटच होती. १९व्या शतकात तिथल्या सेगेद शहरातल्या मंडळींनी शिरा आणि बिया काढून नुसती साल दळायला सुरुवात केली आणि पुडी मवाळ झाली. पुढे मुळातच गोड अशा जातीही निपजल्या. (याच सेगेदमध्ये सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञांना पॅप्रिकात क जीवनसत्त्वाचं घबाड सापडलं. १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. मखनीशी याचा काही संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

नुसती एडेलझ्यूस घातलीस तर पदार्थ लाल होईल पण मिळमिळीत लागेल, किंचित गोडही. म्हणून तिच्यात थोडा जाळ मिसळायचा. तुझ्या कांदा-लसूण मसाल्यातला नाही, साध्या मिरची पुडीचा. इथे 'कायेन' नावाने मिळते ती चालेल, रोझेनशार्फ असेल तर तीही. कायेन घेतलीस तर सहा चमचे एडेलझ्यूसला एक चमचा. हे मिश्रण एका कोरड्या बाटलीत भरून ठेव आणि कृतीत 'काश्मिरी एक चमचा' असेल तिथे यातला एक चमचा घाल. मोठ्यांनाच वाढायचं असेल तर चारास एक कर. रोझेनशार्फ कायेनपेक्षा बरीच मवाळ असते, ती घेतलीस तर निम्मं-निम्मं करावं लागेल. आणि मिश्रण केल्या केल्या पदार्थात ओतू नकोस. दोन चमचे कोमट तुपात पाव चमचा मिश्रण कालवून भाताच्या घासाबरोबर चाखून बघ. कोरडी पूड जिभेवर ठेवून काहीच कळत नाही, नुसता ठसका लागतो.

आता तर्री. इथेच बहुतेकींची पॅप्रिका हरते, कारण आपण तिला आपल्या मिरचीसारखं वागवतो. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून तेल हवंच, त्यात कंजुषी नको. पण पॅप्रिकात साखर जास्त. तेल तापलेलं असेल तर ती क्षणात करपते, तपकिरी होते आणि कडू लागते. तुझ्या आमटीत धुराचा वास होताच, पण मला वाटतं, पुडीही करपली असणार.

असं कर. मटकीचा रस्सा आधी पूर्ण तयार कर. कांदा, खोबरं, लसूण, आलं, गोडा मसाला, सगळं नेहमीप्रमाणे, पण तिखट अगदी बेताचं, लेकीला झेपेल एवढं. मग दुसऱ्या लहान कढईत अर्धी वाटी तेल तापव आणि गॅस बंद कर. दीड-दोन मिनिटं थांब. एक मोहरी टाकून बघ: ती तडतडली तर तेल अजून गरम आहे. ती तळाशी गप्प बसली, कडेला चार बुडबुडे आले, की वेळ झाली. आता तीन चमचे एडेलझ्यूस घालून ढवळ आणि लगेच दोन चमचे रश्शाचं पाणी त्यात सोड, म्हणजे तेलाचा ताव मोडेल. पाच मिनिटं तशीच ठेव. तेल वर लाल होऊन येईल, गाळ खाली बसेल. लेकीच्या वाटीतल्या रश्शावर हीच तर्री सोड. दिसायला लालभडक आणि खायला बाळबोध. मग उरलेल्या तर्रीत अर्धा चमचा कायेन आणि एक चमचा सासूबाईंचा कांदा-लसूण मसाला घालून, मंद आचेवर अर्धं मिनिट फिरवून मोठ्यांसाठी वेगळी ठेव. कोल्हापुरी माणसाच्या मिसळीत तो मसाला नसेल तर रंग कितीही आला तरी उपयोग नाही.

पनीर मखनीत हीच युक्ती उलटी चालते. फोडणीत पुडी घालूच नकोस. लोणी, टोमॅटो, काजू शिजून वाटले गेले की मिश्रण त्या रटरटत्या वाटणात घाल. ओलावा असल्याने करपत नाही आणि लोण्यात रंग उतरतो. टिक्क्यासाठी तर चमचाभर कोमट मोहरीच्या तेलात पुडी कालवून ते लाल तेल चक्क्यात मिसळ. नुसत्या दह्यात पुडी घातली की गुलाबी, फिकट दिसते आणि मग आपण आणखी आणखी घालत बसतो.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या गावात तुर्की दुकान आहे का? जर्मनीत बहुधा असतंच. मी तुझ्या जागी असते तर सुपरमार्केटच्या आधी तिथेच गेले असते. तुर्की मिरचीच्या पाकिटावर दोन शब्द बघायचे. 'तातली' म्हणजे गोड, सौम्य. दुसरा शब्द ए, सी आणि बिनटिंबाचा आय असा लिहितात. त्याचा उच्चार आपल्या 'आजी'च्या जवळ जातो आणि अर्थ आहे तिखट. एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे: आजी तिखट, तातली मवाळ. 'तोझ' म्हणजे पूड, 'पुल' म्हणजे भरड. भरड मिरचीत बऱ्याचदा मीठ आणि तेल मिसळलेलं असतं, तेव्हा पदार्थातलं मीठ कमी कर. 'इसोत' नावाची काळपट मिरची दिसेल, तिच्या वाटेला रंगासाठी जाऊ नकोस. चव उत्तम, पण रस्सा मरून पडतो.

आणि तिथलीच खरी दौलत म्हणजे 'बिबेर साल्चासी', लाल मिरचीचा आटवलेला गर, काचेच्या बरणीत किंवा डब्यात. यातही तातली आणि आजी असे दोन प्रकार. बाजूलाच टोमॅटोचा तसाच गर असतो, त्यावर 'दोमातेस' लिहिलेलं असतं, ती गफलत करू नकोस. पुडी जे करू शकत नाही ते हा गर करतो. पावभाजीवर लसूण-काश्मिरी मिरचीचं वाटण असतं ना, किंवा गोव्यात बांगड्यात भरायला मिरच्या व्हिनेगरमध्ये भिजवून जे लालभडक रेशाद वाटतात, तिथे मिरची रंगाबरोबर अंगही देते. तिथे पॅप्रिका पूड घातली की पातळ, रवाळ लगदा होतो. त्याऐवजी दोन चमचे तातली गर, लसूण, थोडं जिरं-मिरी, चिमूटभर कायेन, आणि रेशाद असेल तर व्हिनेगरही. गरात मीठ असतं. तुझी एक मखनी खारट झालीच आहे, दुसरं काही होऊ देऊ नकोस. दुकान नसेलच तर लाल ढबू मिरची गॅसवर काळी होईपर्यंत भाजून, सोलून, वाटून, तेलात आटवून घे. वेळखाऊ आहे, पण लेकीला फार आवडेल.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. कोरियन मिरचीची भरड, गोचुगारू, मिळाली तर मिक्सरमध्ये फिरवून वापर, रंग छान येतो, तिखटपणा मध्यम. गोचुजांग नको, तो सोयाबीन-तांदळाचा आंबवलेला लगदा आहे. 'चिली पावडर' लिहिलेल्या बाटलीचं मागचं लेबल वाच. मेक्सिकन धाटणीच्या मिश्रणात जिरं, ओरेगानो, लसूण असतं. बीट घालू नकोस, त्याचा रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही. रस्सा गुलाबी होईल आणि तर्री पिवळीच राहील. टोमॅटोचा गर तेलात केशरी उतरतो, तो मखनीत हवाच, मिसळीत आंबट होईल. रतनज्योत नावाची मुळी तेलात सुरेख लाल रंग सोडते आणि काश्मिरी रोगनजोशमध्ये ती वापरतातही. पण सोड्यासारखं काही पडलं की जांभळट होते. मटकी शिजवताना सोडा घालायची सवय असेल तर जपून.

नवऱ्याच्या खायच्या रंगाबद्दल. चिमूटभराने कुणी मरत नाही हे खरं, पण लेकीला रोजच्या जेवणात तो कशाला? त्यातून लाल रंगाचा हव्यास मिरचीच्या बाजाराने कुठवर नेला हे तुला माहीत असावं. कापड आणि मेणाला लावायचा सुदान नावाचा रंग मिरची पुडीत सापडू लागल्यावर २००३ मध्ये युरोपीय महासंघाने आयात मिरचीसोबत तपासणीचा अहवाल मागायला सुरुवात केली. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच कारणाने शेकडो तयार पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. म्हणून सुट्टी पूड घेताना जी जास्तच लाल, एकसारखी, कुंकवासारखी दिसते ती मी हातात घेऊन खाली ठेवते. चांगली मिरची थोडी विटकरी झाक असलेलीच असते. ती तेलात गेली की उजळते.

आता सासूबाई. "तिखटाला कसला आलाय पर्याय" असं त्या म्हणतात, पण दर उन्हाळ्यात मसाला करताना त्या स्वतः हेच करत असणार. कोल्हापुरी मसाल्यात बेडगी रंगासाठी पडते आणि तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. एकीने दोन्ही कामं होत नाहीत म्हणून तर दोन मिरच्या आणतात! त्यांना फोन कर आणि नुसतं विचार, "आई, मसाल्याला बेडगी किती घालता आणि संकेश्वरी किती?" पर्याय, पॅप्रिका, जर्मनी, हे शब्दसुद्धा काढू नकोस. त्या प्रमाण सांगतील, मिरची कुठून घ्यायची ते सांगतील, डंकावरून कुटून आणायची की गिरणीतून दळून यावर दहा मिनिटं बोलतील. मग म्हण, "मला नुसती बेडगी वेगळी द्याल का? लेकीला लागते." नातीचं नाव काढलंस की अर्धं काम झालं.

पूड करून आणायला सांग, पण थोड्या अख्ख्या मिरच्याही माग. अख्खी मिरची पुडीपेक्षा रंग जास्त दिवस धरते. लागेल तशी कात्रीने देठाशी कापायची, हलवून बिया झाडायच्या, आतली शिर बोटाने ओढून काढायची. हातमोजे घाल आणि त्या हाताने लेकीच्या तोंडाला हात लावू नकोस. गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटलीस की पावभाजी, रेशाद, मखनी, सगळीकडे चालते. पूड असेल तर डब्यात हिंगाचा खडा टाक, घट्ट झाकण लाव आणि थोडी बाहेर ठेवून बाकीची फ्रीजमध्ये ठेव. उजेडात मिरची महिनाभरात फिकी पडू लागते. तुमच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बरण्यांची रांग लावायची हौस असते, तेवढी मिरचीच्या बाबतीत आवर.

आणि त्या येण्याआधी सध्याच्या डब्यावर 'चटणी' अशी चिठ्ठी चिकटव, नव्या बाटलीवर 'रंग'. मिसळीच्या दिवशी दोन तर्र्या दोन वेगळ्या वाट्यांत टेबलावर ठेव, लेकीची तिच्या हाताशी आणि दुसरी सासूबाईंच्या. तर्री कशाची केली असं त्यांनी विचारलं तर खरं सांग. पण पहिला घास खाऊन झाल्यावर.

— मावशी